आत्याच्या उशाचा तांब्या

तुमच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस दिवसभरात किती पाणी पितं, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल? मला डॉक्टरांनी विचारलं होतं. मी सांगितलं — खोटं. ते खोटं आत्या सोडून कुणालाच ठाऊक नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

आई-बाबा मुंबईत; मला वाढवलं आत्यानं, पोलादपूरच्या वरच्या वाडीत. घरात खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. बाबा गावी आले की त्यांच्या खांद्यावर बसून मी महाडला चवदार तळ्यावर ती वाटलीत. पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, हे तिथंच शिकलो. पुढे पत्रकं मीच लिहू लागलो. कशावर? पाण्यावरच.

मग आत्याचे गुडघे गेले. संडास घरामागे, सात पायऱ्या खाली. तिला हात धरून न्यावं लागे — दिवसातून पाचदा, कधी सहादा. मी लिहायला बसलो की हाक यायची, "येतोस काय रे?" एका दुपारी मी पेन आपटलं. म्हणालो, "आते, पाणी जरा कमी पी ना." आणि तिच्या उशाचा तांब्या उचलून मोरीत नेऊन ठेवला.

ती हसली. "बरं बाबा. तुझं लिवणं होऊ दे."

हाका कमी झाल्या. आणि मला बरं वाटलं.

आठवडाभरात तिचं पोट साफ होईना. मी बाजारातलं चूर्ण दिलं. एक चमचा, मग दोन. काही नाही. मग एका सकाळी लुगड्याला पातळ डाग. मला वाटलं, जुलाब लागले. जुलाब थांबवायची गोळी आणून दिली, कुणाला न विचारता. आत कडक मळाचा खडा अडकून बसला होता आणि त्याच्या कडेनं पातळ तेवढं झिरपत होतं, हे मला कुठून कळणार? पण विचारता आलं असतं. सभांत माईकवर तासभर बोलणाऱ्या मला मेडिकलच्या दुकानात "आत्याला संडासला होत नाही" एवढं म्हणायची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट ताठरलं, ती असंबद्ध बोलू लागली. रिक्षा करून महाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तो खडा हातानं मोकळा केला, सलाईन लावलं. आत्या शुद्धीवर आली तेव्हा बाईंनी मला विचारलं, "पाणी किती पितात?"

"भरपूर," मी म्हणालो. "उशाला तांब्या भरलेला असतो."

बाईंचा विश्वास बसला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात आत्या खाटेवरून म्हणाली, "पोरगं देतं, बाई. मीच पीत नाय."

मग बाई तिला रागावल्या. चांगली पाच मिनिटं. जिवावर बेतलं होतं आजी, म्हणाल्या. आत्या मान हलवत राहिली. मी शेजारी उभा — खांद्यावरच्या पिशवीत नव्या पत्रकाचं प्रूफ. त्याची पहिली ओळ माझीच: पाणी मागावं लागणं हाच अन्याय आहे.

मी तोंड उघडलं नाही. का? भीती, लाज — नाव काहीही द्या. उघडलं नाही.

आता पायऱ्यांना कठडा आहे. दिवसभर थोडं थोडं पाणी, दोन्ही जेवणांत भाजी. सकाळच्या चहानंतर तिला निवांत बसू देतो, पायाखाली पाट ठेवून. बाहेरून घाई करत नाही. चूर्ण, गोळी — बाईंना विचारल्याशिवाय काही नाही. यात पुण्य नाही, हे मी आधीच करायला हवं होतं. तांब्या पुन्हा उशाला आहे. पण त्याला हात लावण्याआधी आत्या अजून माझ्याकडे बघते.

म्हणून सांगतो. आज घरी गेलात की म्हाताऱ्या माणसाला सरळ विचारा — पोट साफ होतं का, आणि नसेल तर किती दिवसांपासून. पोट दुखत असेल, फुगलं असेल, उलटी होत असेल, रक्त पडत असेल, किंवा असं पातळ झिरपत असेल, तर घरी थांबू नका. आणि डॉक्टरांना खरं ते सांगा. हृदयाचं, किडनीचं दुखणं असेल तर पाणी किती द्यायचं तेही त्यांनाच विचारा. मग तांब्या भरून हाताशी ठेवा, आणि तुमच्या तोंडानं म्हणा: कितीदाही हाक मार, मी येतो.

आणि हाक आली की उठा.