पाण्याचा थेंबही नको

इंग्रजांच्या काळात अकोल्याजवळच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते. एका उन्हाळ्यात माळ्याच्या घरची बाई वर्षभराची पोर घेऊन आली. दोन दिवसांची हगवण. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. डॉक्टरांनी मांडीत सुई घालून मिठाचं पाणी चढवायला घेतलं. बाटली उंच धरायचं काम माझं होतं. डोकं मात्र भडकलं होतं, कारण आईनं पोरीला दोन दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता.

"वांग्याच्या रोपाले रोज पाणी देता ना? मंग लेकराले काहून नाही?" मी तिच्यावर ओरडले.

ती दबली नाही. "मागच्या साली थोरल्याले आणलं होतं, तवा तुमीच सांगतलं, पाणी देऊ नका, हगवण वाढते. तो गेला. तरी मी तुमचंच ऐकलं, बाई."

खरं होतं. पोटाला विश्रांती द्या, असं आम्हाला शिकवलेलं. आम्ही तेच पोपटासारखं सांगत सुटलो. मधल्या वर्षभरात दवाखान्यातला नियम बदलला, हगवणीत पाणी पाजत राहायचं ठरलं. तिच्या गावी जाऊन ते सांगायला मात्र कुणी गेलं नाही. मीही नाही.