पऱ्हे न तुडवणारा चोर

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास करडी गावी आमच्या शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेली. आम्ही छत्र्या दुरुस्त करत गावात फिरणाऱ्या परक्या छत्रीवाल्याला धरलं. त्याची कॉलर माझ्याच हातात होती.

हवालदार आले ते चपला हातात घेऊन थेट बांधीत, धानाच्या वाफ्यात उतरले. चिखलातल्या चोराच्या पावलांमागून चालत गेले आणि चष्मा पुसत परतले.

"एवढी जड मोटर घेऊन चोर धुऱ्यानं, कडेकडेनं वळसा घालून गेला. धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यावर पाय नाही देला. परका कायले जपन तुमचे पऱ्हे? चोर धानवालाच आहे. सोडा याले."

संध्याकाळी मोटर माझ्या काकाच्याच तणशीत, धानाच्या पेंढ्याच्या ढिगात सापडली.

त्या नजरेला मी आजही मानतो. हवालदारांचं नाव मात्र विचारायचं राहिलं. छत्रीवाल्याचं तरी आम्ही कुठं विचारलं होतं?