बाहेरचं पाणी

भंडाऱ्यात पितळी भांडी विकणारे आमचे शेजारी बाहेरचं पाणी पीत नाहीत. जवळच्या अड्याळच्या लग्नातही बाटली घरची. "मले बाधते जी," म्हणतात.

थायलंडच्या सहलीत आम्ही दोघे तिथल्या नववर्षाच्या, एकमेकांवर पाणी उडवण्याच्या खेळात सापडलो. तोंडात थेंब जाऊ नये म्हणून हे शेजारी ओठांवर दुपट्टा घट्ट धरून चालले. तिथे वडीलधाऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालतात. एका मुलीने वाकून यांच्या ओंजळीत ते घातलं. यांनी सवयीने दुपट्टा सारला, तीर्थासारखं पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मुलगी बघतच राहिली.

मग यांचा चेहरा उतरला. "भाऊ, तुळस होती ना त्यात?"

मिशीला गुलाबाची पाकळी चिकटली होती. "होती," मी म्हटलं.

"मंग काई होत नाही," म्हणत त्यांनी पुन्हा ओंजळ पुढे केली.