दहा पावलांवरून वाचणारा परीक्षक

रशीदभाई पेंटर गेल्याचं मला वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. ऑफिसात, जेवणाचा डबा उघडता उघडता. आधी हात जोडल्याच्या खुणांची रांग दिसली, मग वर सरकवत गेलो तेव्हा नाव. ढोकीला, सकाळी, दुकान उघडायच्या आधी चहा पिता पिता गेले. सत्तरीला आले होते. हा लेख लिहिताना खोटं काही लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सगळ्यात अवघड वाक्य आधीच लिहून टाकतो. बातमी वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. ‘सुटलो, आता सांगावं लागणार नाही,’ हे आलं. दुःख त्याच्या मागून आलं, डबा तसाच बंद करताना... आणि ते अजून गेलेलं नाही.

रशीदभाईंचं, म्हणजे आमच्या चाचांचं, ‘रशीद आर्ट्स’ हे दुकान ढोकीला कारखान्याच्या रस्त्यावर. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर मालकाचं नाव, गावाचं नाव आणि दोन बाजूंना दोन मोर, असं त्यांचं आयुष्यभराचं काम. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या गेल्या, पण ट्रॉल्या राहिल्या, कारण फ्लेक्स उसाच्या पाचटानं फाटतो. माझी आणि त्यांची गाठ पडली ती आमच्या धाराशिवच्या वाचनालयामुळं. ग्रंथपाल मंदाताईंनी एका वर्षी हस्ताक्षर स्पर्धेला फाटा देऊन नव्या वैयक्तिक ब्लॉगांची स्पर्धा जाहीर केली. अट एकच, ब्लॉग वर्षाच्या आतला हवा. पन्नास मार्क मजकुराला, पन्नास मांडणीला. मजकुराला मी, कारण पाटबंधारे खात्यातला कारकून असूनही माझी दोन पत्रं पेपरात छापून आली होती. मांडणीला चाचा, कारण मंदाताईंच्या मते जिल्ह्यात अक्षराची जाण असलेला तेवढा एकच माणूस उरला होता. चाचांनी विचारलं, “ब्लॉग म्हंजे काय असतंय?” मंदाताई म्हणाल्या, “माणसानं आपल्या नावाची पाटी लावायची आणि तिच्याखाली मनातलं लिहायचं.” “मग जमतंय,” चाचा म्हणाले. “पाटी आपल्याला कळती. मनातलं हे साहेब बघतील.”

बघणारे साहेब म्हणजे मी, ज्याला स्वतःच्या मनातलं चारचौघांत कधी बोलता आलं नाही.

चाचांची तपासायची पद्धत ठरलेली होती. वाचनालयाचा कॉम्प्युटर व्हरांड्याच्या दारात ओढून घ्यायचा, ब्लॉग उघडायचा, आणि स्वतः पावलं मोजत मागं मागं जायचं. दहावं पाऊल अंगणातल्या कडुनिंबापाशी पडायचं. तिथनं जे वाचता येईल त्याला मार्क. एका डॉक्टरच्या ब्लॉगचं नाव जांभळ्यावर निळं, वेलबुट्टीच्या अक्षरात होतं. चाचा झाडाखालून ओरडले, “काय लिवलंय?” मी वाचून दाखवलं. “मागनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं हे कसं वाचायचं?” मी म्हणालो, “चाचा, ब्लॉगच्या मागनं मोटरसायकल येत नाही.” “येती,” ते म्हणाले. “वाचणारा कायम घाईतच असतोय, साहेब. पुढच्यानं त्याला दिसंल असं लिवावं.” नऊ मार्क.

एका ब्लॉगावर गुलाबाची फुलं वरून खाली पडत राहायची, थांबायचीच नाहीत. चाचा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “ह्ये झाडतंय कोण?” एकजण ‘माझ्याविषयी’मध्ये शिशुवर्गापासूनची सगळी बक्षिसं लिहून दमला होता, त्याच्यापुढं ब्लॉगात काहीच नव्हतं. एकानं बायकोचा फोटो लावून ‘माझी प्रेरणा’ लिहिलं होतं, तर चाचांनी मंदाताईंना सांगून त्याला फोन करवला आणि बाईला विचारून फोटो लावलाय का याची चौकशी केली. विचारलं नव्हतं. फोटो संध्याकाळी निघाला. एका ब्लॉगाला ‘आतापर्यंतचे वाचक’ असा आकडा होता. तो चार होता, आणि त्यातल्या तीन वेळा आम्हीच उघडून बघितलं होतं.

चाचांच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, त्यामुळं जवळचं बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही. मजकूर मी मोठ्यानं वाचायचो. ढोकीहून सकाळच्या एसटीनं यायचे, येताना गूळ-शेंगदाण्याची पुडी आणायचे, आणि मी वाचत असताना शेंगदाण्याचं साल फुंकत ऐकायचे. असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी अकराव्या ब्लॉगाची पाळी आली. ‘नळ आला का’. लेखक बाबूराव माने, ईट.

तो ब्लॉग माझा होता.

आता का, ते सांगतो. आई गेल्यानंतर मी लिहायला लागलो होतो आणि ते कुणीही वाचलं नव्हतं. बायकोलाही माहीत नव्हतं. स्पर्धेत पाठवला तर निदान परीक्षकाला वाचावा लागेल, एवढाच हिशेब. परीक्षक म्हणजे मीच, हे कळत असूनही. बाबूराव माने हे नाव सुचलं ते टाकलं, फोन नंबराची जागा कोरी सोडली. आणि ईट का, तर भूम तालुक्यातलं ते गाव मी कधी पाहिलं नव्हतं, लांब पडत होतं, तिथवर कोण कशाला चौकशीला जातंय.

चाचा कडुनिंबापाशी गेले. तिथं थांबले नाहीत. आणखी मागं, फाटकापर्यंत गेले आणि तिथनं त्यांनी ठणठणीत वाचलं, “नळ आला का.” मग माघारी येऊन पडद्यासमोर उभे राहिले. पांढरा कागद, काळी अक्षरं, बाकी काही नाही, कारण मला बाकी काही करताच येत नव्हतं. चाचा म्हणाले, “जागा कशी सोडलीय बघा. लई मुरलेला कारागीर हाय ह्यो.” पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.

मग मला माझाच लेख परक्यासारखा वाचावा लागला. मुद्दाम दोन ठिकाणी अडखळलो. आई येडशीजवळच्या गावी एकटी राहायची. मी रोज संध्याकाळी फोन करायचो आणि एकच विचारायचो, नळ आला का. आमच्या भागात आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तेव्हा प्रश्न रास्त होता. ती म्हणायची, आला, नाहीतर, न्हाय आला, जेवलास का. बास, फोन बंद. कशी आहेस, हे कधी विचारलं नाही. तिच्या छातीत दुखत होतं हे डॉक्टरकडून कळलं. ती गेल्यावर महिनाभर संध्याकाळी तोंडात ते वाक्य तयार असायचं आणि विचारायला कुणी नव्हतं... एवढाच लेख. चाचांनी चष्मा काढला. शेंगदाणे तसेच मुठीत.

“पुढं?”

“संपलं.”

“असं कसं संपलं?”

“इथंच संपवलंय त्यांनी.”

“तुमचा आवाज का बसलाय?”

“धुळीनं,” मी म्हणालो.

आणि मग मी मजकुराला मार्क दिले. पन्नासपैकी अकरा. पंधरा दिले असते तरी मनात आलं असतं की आपल्याच पदरात टाकले. घाबरलेला माणूस प्रामाणिक दिसायच्या नादात किती नीचपणा करतो ते मला त्या दिवशी कळलं. चाचांनी आकडा बघितला. “अकरा? त्या गुलाबवाल्याला तुमी तीस दिले.” “त्याच्यात माहिती होती.” “जाधवसाहेब, तुमाला काळीज हाय का तिथंबी फाईलच ठिवलीय?” पुडी बांधून ते एसटीला निघून गेले. पहिलं बक्षीस एका मुलीच्या ‘शेळीची डायरी’ला मिळालं, आणि ते तिचंच होतं, आपल्या उस्मानाबादी शेळ्यांवर तिनं असं लिहिलं होतं की वाचून माणसानं शेळीला अहो-जाहो करावं. ‘नळ आला का’ चौथा. उत्तेजनार्थसुद्धा नाही. चाचा दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत.

मग एके दिवशी ते थेट ऑफिसात आले. “रजा टाका. ईटला जायचंय.”

“कशाला?”

“मार्क तुमी कमी दिले. माफी तुमी मागायची. मी नुसता सोबत येतो.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रजेचा अर्ज लिहिला.

अशा रीतीनं स्वतःचीच माफी मागायला मी दोन एसट्या बदलून ईटला गेलो. स्टँडवरच्या हॉटेलात चाचांनी विचारलं, “बाबूराव माने कुठं राहतेत?” हॉटेलवाला म्हणाला, “कंचा? तीन हायेत.” “लिवणारा.” त्यानं विचार केला. “एकजण सोसायटीत सही करतोय. लिवणारा म्हंजी त्योच म्हणा की.”

पहिले बाबूराव बाजेवर होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. चाचांनी दोनदा ओरडून सांगितलं की हे साहेब माफी मागायला आलेत. बाबूरावांनी माझ्याकडं बघून हात वर केला आणि म्हणाले, “जाऊ द्या, झालं गेलं.” कशाची माफी ते त्यांना आजही माहीत नसेल, पण त्या प्रकरणात मला मिळालेली तेवढीच.

दुसरे बाबूराव म्हणजे सही करणारे. चाचांनी ब्लॉगाचं, स्पर्धेचं सांगितलं. “व्हय,” ते म्हणाले, “म्याच लिवलंय.” मी चपापलो. माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस माझी आई स्वतःच्या नावावर करून घेत होता आणि मी गप्प बसून चहाची वाट बघत होतो. चाचा नम्रपणे म्हणाले, “लई भारी लिवलंय. आईवर तर...” “आमची आई हायेच तशी,” बाबूराव म्हणाले आणि आत बघून हाक मारली, “बाई, च्या आण.” नव्वदीची एक म्हातारी खुडखुड चालत चहा घेऊन आली. चाचांनी कप घेतला, तिला सलाम केला, चहा संपवला. बाहेर आल्यावर म्हणाले, “भला माणूस हाय. पण आई जित्ती हाय, म्हंजे लेखक ह्यो न्हाई.” तिसरे बाबूराव पुण्याला कंपनीत होते.

परतीच्या एसटीत चाचा खिडकीतून बघत म्हणाले, “नाव खोटं हाय. पण माणूस खरा हाय. असं लिवून नाव का लपिवलं असंल?” मी सगळा धीर गोळा केला. “चाचा, एक सांगायचं होतं.” “बोला.” “...सांजेला गार पडतंय आता.” “व्हय,” चाचा म्हणाले आणि त्यांनी आपला रुमाल माझ्या गळ्याला गुंडाळायला दिला.

त्यानंतर त्यांनी ती पाटी केली. तीन फुटी पत्रा, पांढरा रंग, काळ्या अक्षरात ‘नळ आला का’. खाली नावापुरती जागा सोडून पेन्सिलीच्या दोन रेघा मारून ठेवल्या. “खरं नाव कळलं की लिवायचं. माणूस येईल कवातरी.” पाटी दुकानात रस्त्याच्या बाजूला टांगली. ढोकीच्या बायका जाता जाता वाचायच्या आणि “न्हाय आला, चाचा” म्हणून पुढं जायच्या. एका पुढाऱ्याला वाटलं हे आपल्यालाच टोचून लिहिलंय, तो पाटी काढा म्हणायला आला. चाचा म्हणाले, “गिऱ्हाईकाची हाय, नेली की काढतो.” त्यानंतर किती वेळा मी त्या पाटीखाली बसून चहा प्यालो, मोजलेलं नाही. दर वेळी ते विचारायचे, “लागला का पत्ता?” दर वेळी मी म्हणायचो, “बघतोय.”

दफनाला गेलो तेव्हा मागं उभा राहिलो. चाळिसाव्या दिवशी मात्र त्यांच्या घरी गेलो आणि जेवणं उरकल्यावर चाचांच्या बायकोला, शमीमचाचींना, दुकानात बोलावून घेतलं. म्हणालो, “चाची, ती पाटी... ते लिहिणारा मीच.” वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर म्हणतील की त्यांना माहीत होतं. तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांना माहीत नव्हतं, चाचांनाही नव्हतं. ते शेवटपर्यंत वाट बघत होते. चाचींनी मला नीट बघून घेतलं. “तुमी? आन् हितं बसून च्या पीत हुता?” “हो.” “दर पावसात ही पाटी आत-भाईर मी करायची. कंबर गेली माझी.” मग पाटी उतरवून, पदरानं पुसून हातात दिली. “न्या आता. नाव तेवढं लिवून घ्या कुणाकडनं.”

कुणाकडनं लिहून घेणार? रेघांमधली जागा तशीच आहे. पाटी आमच्या पुढच्या खोलीत दारासमोर लावलीय. बायकोला लेख वाचून दाखवला, सगळा, न अडखळता. पाटी पुसताना ती खालच्या रेघांना फडकं लावत नाही. संध्याकाळी आईच्या फोनच्या वेळेला मी पाटीकडं तोंड करून पावलं मोजत मागं जातो. आमचं घर लहान, सातव्या पावलाला उंबरा येतो आणि दहावं थेट रस्त्यात पडतं. तिथनं सगळं स्वच्छ वाचता येतं, नाव सोडून. परवा शेजारच्या लोखंडेकाकू घागर घेऊन चालल्या होत्या. त्यांनी उघड्या दारातून पाटी वाचली, मला रस्त्यात उभं बघितलं आणि म्हणाल्या, “न्हाय आला, भाऊ.”

मी म्हणालो, “बरं.” त्या दोन घरं पुढं गेल्यावर मागून हाक मारली, “काकू, तुम्ही कशा आहात?”

काकूंनी घागर खाली ठेवली. पाऊण तास सांगत होत्या.