फडक्यातली भाकरी आणि मुंबईची हवा

मला याद्या करायची सवय आहे. डब्यांवर चिठ्ठ्या असतात, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कोणत्या कप्प्यात काय ते लिहिलेलं असतं. नवरा म्हणतो, हिला स्वर्गात नेलं तरी आधी तिथली हजेरी घेईल. म्हणून वन्संनी कडक भाकरीचा उद्योग काढायचं ठरवलं, तेव्हा मी आधी काय केलं असेल हे सांगायला नको.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. यजमान गेल्यावर त्या मोहोळहून सोलापुरात आल्या आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक खोली भाड्यानं घेतली. आमच्या घरी जागा होती, पण त्यांना स्वतःची कडी हवी होती. मुलगा पुण्यात, चांगल्या नोकरीत, आईवर जीव असलेला. रोज फोनवर त्याचं एकच, "आई, इकडं ये ना."

"यीन की. पावनी म्हनून यीन."

शेवटी मायलेकरांत ठरलं. दिवाळीपर्यंत खोलीचं भाडं आणि किराणा भाकरीतून निघाला तर आई सोलापुरात राहणार. नाही निघाला तर खोली सोडून पुण्याला जाणार. वन्सं शब्द पाळणाऱ्या बाई. हरल्या असत्या तर मुकाट्यानं गेल्या असत्या, आणि तीच मला भीती होती.

भाकरीबद्दल शंका नव्हती. ज्वारीचं पीठ, मीठ, तीळ. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत कडक करायची. मोडली की कट्ट असा आवाज यायला हवा. त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं की भाकरी नेहमी धुतलेल्या मऊ सुती फडक्यात बांधायची, म्हणजे ती श्वास घेते. वन्सं तशीच बांधून, कागदी खोक्यात घालून पाठवायच्या.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. घरी आले की चहा घेऊन, लॅपटॉप काखेत मारून त्यांच्या खोलीत जायचं. इंटरनेटवर धंदा शिकवणाऱ्या फुकटच्या जागा इतक्या आहेत, की आपल्याला नको त्या आधी खोडाव्या लागतात. मी तीन प्रश्न ठरवले होते. हे कुणी लिहिलंय? कधी बदललंय? आणि शेवटी कार्डाचा नंबर मागतंय का? पुष्कळ फुकट अभ्यासक्रम फक्त प्रमाणपत्रापुरते पैसे मागतात. आम्हाला प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं नव्हतं, त्यामुळे ते चालत होते.

पहिला धडा एका मोठ्या विद्यापीठाचा होता. व्हिडिओत बोलणं इंग्रजीत, खाली हिंदीत अक्षरं येत होती. प्राध्यापकांनी विचारलं, तुमचा ग्राहक कोण? मी वही सरसावली.

"ज्याला भूक हाय तो," वन्सं म्हणाल्या. "म्होरं सांग म्हनावं."

पुढं बाजारपेठेचे विभाग आले, चौकोनांत बाण आले. वन्सं पेंगायला लागल्या. तो धडा मी यादीतून काढला.

कामाला आल्या त्या साध्याच जागा. सरकारी संकेतस्थळावर मालाला द्यायचं नाव आधी कुणी नोंदवलंय का ते घरबसल्या शोधता येतं. वन्संनी मनात धरलेलं नाव दुसऱ्या कुणाचं निघालं. त्या दिवसभर हळहळल्या, पण पाकिटं छापायच्या आधी कळलं हे बरं झालं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय काय लिहायचं त्याचे नियम मिळाले. बार्शीच्या बाजारात ज्वारीला काय भाव निघाला तेही रोज दिसायचं. ते वन्सं स्वतः बघायला शिकल्या आणि दुकानदाराला ऐकवू लागल्या.

उन्हाळ्यात काम छान चाललं. आधी गल्ली, मग ओळखीपाळखीचे, मग मुंबईला गेलेले सोलापूरकर. आषाढात मुंबईची मोठी मागणी आली आणि चार दिवसांनी एका बाईंचा निरोप आला. फोटोत भाकरी हातात धरली होती आणि ती रुमालासारखी लोंबत होती. खाली लिहिलं होतं, "मी सोलापूरचीच आहे. ही कडक भाकरी नाही, आजारी भाकरी आहे."

मागोमाग आणखी तसेच निरोप.

वन्संनी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी गेले तर कोपऱ्यात अंथरायच्या वाकळा घडी घालून, दोरीनं बांधून ठेवलेल्या.

"हे काय?"

"दिवाळीची वाट कशाला बगायची? हातच गेला माजा. पोराकडं बसून खाईन."

मी दोरी सोडली नाही. तिथंच खाली बसून लॅपटॉप उघडला. हात गेला असेल तर आमच्या ताटातली भाकरी कडक कशी, हे मला कळत नव्हतं. हवामानाच्या जुन्या नोंदी फुकट बघता येतात. सोलापूरचा वैशाख काढला, शेजारी मुंबईचा आषाढ. हवेतला दमटपणा मुंबईत दुपटीहून जास्त निघाला. मग शोधनिबंध धुंडाळले. पुष्कळ निबंधांना पैसे पडतात, पण कुणालाही वाचता येतील असेही असतात आणि ते वेगळे करून शोधता येतात. इंग्रजीतला एक सापडला, कुरकुरीत पदार्थ हवेतलं पाणी कसं ओढून घेतात यावर. जमेल तसा मराठीत सांगितला.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. "मंजे माजी भाकरी बिगडली न्हाय?"

"नाही हो. भाकरी चांगलीच होती. फडक्यातनं हवा आत गेली."

"श्वास घ्यावा म्हनून तर फडकं."

"इथं श्वास घेते ते ठीक. मुंबईत श्वास घेतला की पाणी पिते."

त्यांनी दोरीकडं पाहिलं, सोडली मात्र नाही. म्हणाल्या, "दाकीव."

दाखवायला मुंबई कुठून आणायची? आमची न्हाणी होती. एक भाकरी फडक्यात, एक ओलावा न शिरणाऱ्या पाकिटात. दोन्ही फळीवर ठेवल्या, खाली कढत पाण्याची बादली, दार बंद. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळला. "आज भाकरीची आंघोळ का? साबण देऊ?"

"तुजी रोजचीच हाय," वन्सं म्हणाल्या. "गप बस."

फडक्यातली वाकली. पण पाकिटातलीही वाकली. वन्संनी माझ्याकडं असं पाहिलं की मला दुसरीकडं बघावं लागलं. पाकिटाच्या आतून पाण्याचे थेंब दिसत होते. शेतकी विद्यापीठाच्या एका व्हिडिओत बाई हेच बजावत होत्या की पदार्थ पुरता गार झाल्याशिवाय बंद करू नका. आम्ही तव्यावरची गरम गरम भरली होती. पुन्हा केलं, गार करून. न्हाणीतून काढून वन्संनी भाकरी मोडली. कट्ट.

त्यांनी तो तुकडा मला भरवला आणि मग जाऊन दोरी सोडली.

पाकिटाशी मात्र त्यांचं जमेना. "गुदमरल्यावानी दिसती," म्हणायच्या. फडकं सोडलं तर सासूबाईंचा हात सुटल्यासारखं त्यांना वाटत होतं, हे मला उशिरा कळलं. उपाय त्यांनीच काढला. आत पाकीट, वरून सुती फडकं, त्याला पूर्वीसारखीच गाठ. मुंबईच्या त्या बाईंना पहिलं गाठोडं तसं गेलं. त्यांनी स्वतःसाठी पुन्हा मागवलं, मग ऑफिसातल्यांसाठी. नवरात्रापर्यंत खोलीचं भाडं आणि किराणा भाकरीतून निघू लागला.

पुण्यालाही एक गाठोडं गेलं होतं. त्यावर वन्संनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं, पावसात उघड्या खिडकीशी ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नको. दिवाळीच्या तोंडावर मुलाचा फोन आला तेव्हा त्या तव्याशी होत्या. मला म्हणाल्या, मोठ्यानं लाव.

"सोड आता गाट," त्या म्हणाल्या. "फोनच्या जवळ धरून मोड."

पाकिटाची खुसफूस ऐकू आली, मग कट्ट. पुण्याकडून चावण्याचा आवाज आला.

"आई."

"बोल."

"गाडी घेऊन येणार होतो, तुझं सामान न्यायला." तो थांबला. "नुसताच येतो आता. पण मामी, आईच्या त्या खोलीत मी झोपायचं कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत वन्संनी उलथनं वर केलं. "पाव्हन्यानं घर लहान हाय म्हनायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि तव्यावरच्या भाकरीवर फडकं दाबायला वळल्या.