उकिरड्यावरचा बैल

आंजी गावच्या नत्थूजी सुतारांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, एक दौलतराव सोडून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल सजवून मारुतीच्या पारापाशी आणतात. ते बैल वीस वर्षं नत्थूजींच्याच हातचे. एकोणऐंशी साली भाजीपाला पिकवणाऱ्या दौलतरावांनी भंगाराचा बैल आणून उभा केला. मोडक्या फाळाचं तोंड, सायकलच्या साखळीची शेपटी, आणि मान अशी वळलेली, की आता माशी हाकलेल! सारं गाव तिकडे लोटलं.

"बैल हाये का कबाड्याचं दुकान?" नत्थूजी म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यात कळलं, की बैलाचं वशिंड म्हणजे नत्थूजींनीच घरामागच्या उकिरड्यावर फेकलेला, गाडीच्या चाकाचा मधला, तडकलेला तुंबा.

त्या दिवसापासून त्यांनी काही फेकणंच बंद केलं. वाकडे खिळे, बोथट करवती, तुटके कोयंडे, सगळं कोठीत. वर कुलूप.

"अजी, कचऱ्याले कुलूप?" कुंताबाई नवऱ्याला म्हणायच्या. "चोर सोनं समजून फोडन ना!"

"दौलत्याले खिळासुदिक भेटला नाई पाह्यजे."

दौलतरावांचे बैल लहान होत गेले. तिसऱ्या वर्षी ते रिकाम्या हातांनी आले.

"काऊन गा?" लोकांनी विचारलं.

"नत्थूभाऊच्या घरामांगचा माल बंद झाला," दौलतराव हसले. "दुसऱ्या मालात जीव नाई येत."

नत्थूजींना आनंद झाला, घटकाभर. पण त्यांच्या लाकडी बैलांपाशीही कुणी थांबेना. जो तो 'भंगाराचा बैल नाई का औंदा?' विचारून घरी गेला.

पुढल्या श्रावणात त्यांनी कोठी उघडली. एक वाकलेली करवत निवडली, गंज घासला, तेल लावलं आणि उकिरड्यावर फेकली. फेकली म्हणजे ठेवलीच.

"फेकाची वस्तू पुसते का कोनी?" कुंताबाई म्हणाल्या.

"चूप राह्य. पाठीचा कणा होते तिचा, बरोबर."

तान्ह्या पोळ्याला ते सगळ्यांच्या आधी पारावर हजर. दौलतरावांचा बैल आला. करवत कण्याला नव्हतीच. दौलतरावांनी ती बैलाच्या गळ्याखाली झालरीसारखी लोंबती सोडली होती. वारा आला की ती हलायची आणि बैल चालू लागल्यागत वाटायचा.

"कणाच बरा दिसला असता," घरी येऊन नत्थूजींनी रागानं भाकर मोडली. हात धुतले आणि कोठीत शिरले. पुढच्या वर्षासाठी ते असं काही शोधत होते, की ज्याचं काय करावं हेच दौलत्याला सुचणार नाही.