बैलांना ठाऊक असलेली घळ

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरातलं तांब्याचं पातेलं हरवलेलं होतं. ते सापडेपर्यंत मला माहेरी धाडायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं.

पातेलं त्यांच्या माहेरचं. काठावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं आणि बुडाशी एक पोचा. संक्रांतीच्या आसपास मी ते इतर भांड्यांबरोबर ओढ्यावर घासायला नेलं होतं, त्यानंतर ते कोणी पाहिलं नाही. मी ते परत आणलं होतं असं मला वाटत होतं. पण मी मुलखाची बुजरी. कोणी मोठ्यानं विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची आणि आपणच काहीतरी केलं असेल असं वाटायला लागायचं.

"चार बुकं शिकली, पर घासायला नेलेलं भांडं घरी आणता येईना," असं वन्सं म्हणायच्या. वन्सं म्हणजे मामंजींची थोरली, विधवा बहीण. सासूबाई त्यांना वन्सं म्हणत, म्हणून मीही मनात वन्संच म्हणे. दात पडले होते, पण जिभेला धार होती.

त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांचंच मन जेवणावरून उडालेलं होतं. तीर्थपुरीच्या हकिमानं मामंजींची नाडी पाहून तेल, तिखट आणि वांगं बंद केलं होतं. बरं, त्यांनी एकट्यानं फिकं खावं की नाही? पण फोडणीचा वास आला की त्यांचं मस्तक फिरायचं, म्हणून चुलीवर फोडणीच बंद. ते, आम्ही बाया, गडीमाणसं, सगळे मुगाचं पाणी आणि भाकरी खाऊन राहत होतो. मामंजी मात्र फार सोसून खायचे. घास घेताना असे डोळे मिटायचे की सासूबाईंना भरून यायचं. दर शनिवारी ते गड्याला घेऊन दमणीतून जांबेला दर्शनाला जायचे. दमणी म्हणजे छप्पर आणि पडदे असलेली आमची हलकी बैलगाडी. संध्याकाळी परत यायचे तेव्हा चेहरा इतका शांत, इतका तृप्त असायचा की वन्सं म्हणायच्या, "माझ्या भावाला देव भेटून राह्यला बघ."

एकदा मामंजी कोर्टाच्या कामासाठी गड्यासकट औरंगाबादेला गेले. स्टेशनापर्यंत दुसऱ्या कोणाच्या गाडीतून गेले, त्यामुळे आमची दमणी आणि बैलं घरीच राहिली. दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाईंनी मला सांगितलं, "लुगडं बदल. जांबेला जायचं. देवाच्या पायरीवर हात ठिव आन् सांग, पातेलं म्या घरी आणल्तं. तू सांगितलंस की मिटलं. मंग जा बहिणीच्या लग्नाला."

देवासमोर, पुजाऱ्यासमोर, चार लोकांत मोठ्यानं बोलायचं! आणि शपथ कशाची घ्यायची? जे मलाच नीट आठवत नव्हतं त्याची?

"पर गाडी कोण हाकंल?" वन्संनी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या बापाला पोरगा नव्हता. औत म्याच हाकलंय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसलो तर म्हणतील."

म्हणून आम्ही तिघी आत बसल्यावर त्यांनी पुढचा पडदा खाली सोडला आणि त्याच्या खालून कासरा आत घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीवर कोणीच दिसत नव्हतं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच एक मेंढक्या ओरडत मागं धावला, "अवं, बैलं सुटली! गाडी मोकळीच चालली!"

वन्संनी आवाज जाड केला आणि आतूनच दरडावलं, "सुटली न्हाईत, कामाला चालली! तू तुझी मेंढरं बघ!"

मेंढक्या जागच्या जागी उभा राहिला. मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईही हसत होत्या, पण माझ्याकडं नजर गेली की त्यांना पातेलं आठवायचं आणि तोंड पुन्हा लांब व्हायचं.

पुढं वडाच्या झाडाशी रस्ता फुटतो. उजवीकडं जांब. डावीकडं काळा माळ, आणि माळापलीकडं ओढ्यानं खडक कापून केलेली घळ. ती घळ बघायची सासूबाईंची लग्नापासूनची हौस होती. सुंदर आहे, खाली डोह आहे, दगडाचे खांब आहेत, असं त्यांनी बायांकडून ऐकलं होतं. पण मामंजींचं उत्तर ठरलेलं होतं: "तिथं गाडी जात न्हाई. बैलांचे पाय मोडतील. बिलकुल नाव काढू नको."

वडाशी येताच बैलं डावीकडं वळली.

सासूबाईंनी उजवा कासरा ओढला. बैलांनी मान तेवढी वाकडी केली, पाय डावीकडंच टाकत राहिले. त्यांनी ओरडून पाहिलं, चुचकारून पाहिलं, शेवटी दोघांच्याही बापाचा उद्धार केला. उपयोग झाला नाही.

"ह्यांना जांबेचा रस्ता ठावा न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "दर शनवारी जाऊन राह्यलेत की!"

"आडवाटेनं जात असतील," वन्सं म्हणाल्या.

मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. माळावर खडक उघडा पडलेला, पण त्यातून चाकोरी चांगली पडली होती, आणि बैलं तिच्यात बराबर चाकं घालून चालली होती. मला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. मनात एवढंच आलं, की जितकं उशिरा जांबेला पोचू तितकं बरं.

बैलं एका बाभळीखाली थांबली आणि जू सोडण्यासाठी दोघांनीही माना खाली घातल्या. बाभळीखाली वाळलेलं शेण होतं, कडब्याची चिपाडं होती. सासूबाईंनी पडदा वर केला. त्या शेणाकडं पाहत राहिल्या, मग चाकोरीकडं, मग बैलांकडं.

"इथं गाडी जात न्हाई म्हणं," त्या हळूच म्हणाल्या.

बैलं सोडून आम्ही कासोटे घट्ट केले आणि घळीत उतरायला लागलो. वाट चांगली मळलेली होती. वन्संना मी हाताला धरलं होतं. दोन्ही बाजूंना काळा दगड सरळ उभा चढत गेलेला. एका ठिकाणी खरंच खांब होते, एकाला एक चिकटलेले. लाकडाची मोळी कोणी आवळून बांधावी आणि तिचा दगड व्हावा तसे. मधूनच खडकातून तांबड्या मातीचा एक पट्टा आडवा गेला होता. दगडाच्या पोटात पोकळ्या होत्या आणि आत पांढरे खडे चमकत होते. मी एका पोकळीत बोट घातलं. साखरेसारखं खरखरीत लागलं. पातेलं, शपथ, सगळं विसरून मी मोठ्यानं म्हणाले, "अगं माय!" आणि कड्यानं ते मलाच परत ऐकवलं. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

पुष्कळ वर्षांनी नातवाच्या पुस्तकात वाचलं, की आपला हा सगळा काळा मुलूख ज्वालामुखीच्या वितळलेल्या दगडाचा आहे. म्हणजे ती जागा मुळातच चुलीची. मामंजींना उगाच दोष द्यायला नको.

कारण खाली डोहाच्या काठी, कड्याच्या आडोशाला, तीन दगडांची चूल होती. वरचा कडा धुरानं चकचकीत काळा झालेला. आजूबाजूला वांग्यांची देठं पडली होती. काही जुनी, काही अजून हिरवट. वन्सं खाली बसल्या, एक देठ उचलून नाकाशी धरलं.

"तेलातलं हाय," त्या म्हणाल्या. आवाज भरून आला होता. "शेंगदाण्याचं कूट बी हाय."

सासूबाई खडकाच्या फटी चाचपत होत्या. एका फटीत गोणपाटाखाली हात घातला आणि भांडं बाहेर काढलं. कोरलेलं नाव मला लांबूनच दिसलं. बुडाला काजळी जमली होती, पण पोचा होता तिथंच होता.

डोहात एक बेडूक पडला, तेवढाच आवाज. पातेलं पोटाशी धरून सासूबाई माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"तुझ्या बहिणीचं लगीन कोणत्या दिवशी म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जीभ टाळ्याला चिकटली नाही.

"आन् माझा भाऊ," वन्सं अजून देठ धरूनच होत्या, "मुगाचं पाणी पिताना डोळे मिटायचा! मला वाटलं, सोसना म्हणून मिटतो. मेला शनवार आठवून राह्यल्ता!"

मग मात्र सासूबाईंना हसू आवरेना. त्या चुलीशेजारीच बसल्या आणि पदरानं डोळे पुसत हसल्या. फटीत काळ्या तिखटाची एक बरणी निघाली. आम्ही फडक्यातली भाकरी सोडली आणि तिघींनी मिळून ती बरणी पुसून काढली. नाका-डोळ्यांतून पाणी आलं. इतकी गोड भाकरी मी सासरी तोवर खाल्ली नव्हती. जांबेला त्या दिवशी कोणीच गेलं नाही.

मामंजी परत आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी भरल्या वांग्याला अशी फोडणी दिली की शेजारचा कुत्रा दारात येऊन बसला. पातेलं घासून, कल्हई करून ठेवलं होतं. ते चुलीवरून उतरवून त्यांनी सरळ मामंजींच्या ताटासमोर ठेवलं, कोरलेलं नाव त्यांच्याकडं करून. मी दाराआड भाकऱ्या घेऊन उभी.

मामंजींनी पातेल्याकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं. मग पुन्हा पातेल्याकडं.

"सापडलं म्हणायचं," ते म्हणाले.

"बैलांनी हुडकलं," सासूबाई म्हणाल्या. "वाढू का? का वासानं मस्तक फिरतंय?"

"न्हाई... आज तेवढं फिरून न्हाई राह्यलं."

"खाय रे," वन्सं कोपऱ्यातून म्हणाल्या. "डोळे मिटून खाय."

मामंजी खाली मान घालून जेवले. तिसरं वांगं संपल्यावर घसा साफ करून म्हणाले, "सूनबाईच्या बहिणीचं लगीन हाय ना जवळ? गड्याला सांगतो, दमणी जोडून दील."

"गडी कामून पाहिजे?" सासूबाई म्हणाल्या. "मी हाकते."

मामंजी काहीतरी म्हणणार होते. पण त्यांनी चौथं वांगं घेतलं.

अशी मी माहेरी निघाले. या वेळी पुढचा पडदा वर होता. वाटेत तो मेंढक्या भेटला. त्यानं गाडीकडं पाहिलं, कासरा धरलेल्या सासूबाईंकडं पाहिलं आणि मुकाट्यानं मेंढरं बाजूला घेतली. माझं माहेर जांबेच्याही पलीकडं. वडाशी आलो तशी बैलं डावीकडं वळली.

मी सासूबाईंकडं पाहिलं. कासरा त्यांच्या मांडीवर सैल पडला होता, आणि शिदोरीच्या फडक्यातून भरल्या वांग्याचा वास येत होता.